लायसन्सचे नियम बदलतात तेव्हा: व्हॉल्यूम लायसन्स नव्यानेच हाती आलेल्यांसाठी

कंपनीत व्हॉल्यूम लायसन्स, म्हणजे एका कराराखाली घाऊक घेतलेली सॉफ्टवेअरची लायसन्स, सांभाळण्याचं काम कुणी हौसेनं मागून घेत नाही, ते गळ्यात पडतं. आधीचा माणूस नोकरी सोडतो, त्याची एक्सेल शीट तुमच्या नावावर होते आणि पुढच्याच महिन्यात रिसेलरचा मेल येतो: ‘दर वाढतायत, पीओ लवकर पाठवा.’ पीओ म्हणजे खरेदीची लेखी ऑर्डर. त्या मेलला घाईत ‘हो’ म्हणण्याआधी काय तपासायचं, ते इथे पायरी-पायरीनं दिलं आहे. उदाहरणं मुख्यतः मायक्रोसॉफ्टची घेतली आहेत, कारण वीस ते तीनशे माणसांच्या बहुतेक कार्यालयांत ते असतंच.

सुरुवातीला एक गोष्ट डोक्यात पक्की करा. लायसन्सिंगच्या प्रत्येक बदलाला तीन तारखा असतात: तो जाहीर झाल्याची, तो लागू होण्याची आणि तो तुमच्या कराराला लागण्याची. नवखा माणूस पहिल्या तारखेला घाबरतो, विक्रेता दुसरी दाखवून घाई करतो आणि पैसे जातात ते तिसऱ्या तारखेला.

ताजं उदाहरण घ्या. मायक्रोसॉफ्टनं डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं की १ जुलै २०२६ पासून मायक्रोसॉफ्ट ३६५ बिझनेस बेसिकचा दर माणशी महिना ६ वरून ७ डॉलर, बिझनेस स्टँडर्डचा १२.५० वरून १४ डॉलर आणि मोठ्या कंपन्यांसाठीच्या ई३ योजनेचा ३६ वरून ३९ डॉलर होणार. बिझनेस प्रीमियम २२ डॉलरवरच राहणार. आता तुमचं बिझनेस स्टँडर्डचं वार्षिक सबस्क्रिप्शन १५ मार्च २०२६ ला रिन्यू झालं असेल, तर ही वाढ तुमच्या खिशाला मार्च २०२७ मध्ये लागते. ऑगस्टमध्ये रिन्यू होणारं असेल, तर लगेच. बातमी एकच, पण दोन कंपन्यांच्या बजेटमध्ये सुमारे सात महिन्यांचा फरक.

पायरी १: करार कोणता, ते ओळखा

‘आमच्याकडे व्हॉल्यूम लायसन्स आहे’ एवढ्यानं काहीच कळत नाही. गेल्या तीन वर्षांची बिलं काढा आणि प्रत्येक बिल पुढच्यापैकी कशात बसतं ते पाहा.

सीएसपी, म्हणजे पार्टनरमार्फत (मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत रिसेलरमार्फत) घेतलेलं सबस्क्रिप्शन. आज लहान-मध्यम कंपन्यांचं बहुतेक काम यातूनच चालतं. बिलावर सबस्क्रिप्शनची मुदत असते आणि ते तुमच्या टेनंटला (मायक्रोसॉफ्टकडच्या तुमच्या कंपनीच्या खात्याला) जोडलेलं असतं. २०२१ पासून कायमस्वरूपी लायसन्सही सीएसपीतून मिळतात, पण त्यांना सॉफ्टवेअर अॅश्युरन्स जोडता येत नाही (ही मुदतीत आलेली नवी आवृत्ती मिळवून देणारी जोड-योजना). नवी आवृत्ती फुकट मिळेल या समजुतीवर इथे पाणी सोडा.

ओपन लायसन्स. हा कार्यक्रम ३१ डिसेंबर २०२१ ला नव्या खरेदीसाठी बंद झाला. त्यातून घेतलेली कायमस्वरूपी लायसन्स मात्र आजही तुमचीच आहेत. ‘तो प्रोग्राम बंद झाला, आता सगळं नव्यानं घ्यावं लागेल’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. कराराचा नंबर, ऑथरायझेशन नंबर आणि खरेदीची पीडीएफ एवढं जपून ठेवा.

ओपन व्हॅल्यू. किमान पाच लायसन्स, तीन वर्षांची मुदत, सॉफ्टवेअर अॅश्युरन्ससह.

एंटरप्राइज अॅग्रीमेंट, म्हणजे ईए. किमान ५०० वापरकर्ते किंवा उपकरणं, तीन वर्षांचा करार आणि दरवर्षी ट्रू-अप, म्हणजे वर्षभरात वाढलेल्या संख्येचा हिशोब. इथली मेख तारखेत आहे: ट्रू-अपची ऑर्डर कराराच्या वर्धापनदिनाच्या ६० ते ३० दिवस आधी जायला हवी. ऐन वर्धापनदिनी नव्हे. ईएमध्ये १ नोव्हेंबर २०२५ पासून मोठा बदल झाला. ऑनलाइन सेवांसाठी संख्येनुसार मिळणारे बी, सी आणि डी पातळीचे कमी दर गेले, आता सगळ्यांना ए पातळीचा दर. इथेही तिसरी तारीख आलीच: चालू कराराच्या दरपत्रकात असलेल्या सेवांना हा बदल पुढच्या रिन्यूअललाच लागतो. पण मधेच एखादी नवी सेवा घेतलीत, तर तिला नव्या नियमानं दर पडतो.

ओईएम, म्हणजे लॅपटॉपबरोबर आलेलं विंडोज, हे व्हॉल्यूम लायसन्स नव्हेच. ते त्या यंत्राबरोबर जन्मतं आणि त्याच्याबरोबरच भंगारात जातं. उलट व्हॉल्यूममधलं विंडोज हे केवळ अपग्रेड असतं. खाली पात्र मूळ विंडोज नसेल, तर कोऱ्या असेंबल्ड मशीनवर ते टाकून यंत्र कायदेशीर होत नाही. ही चूक फार ठिकाणी सापडते.

बाजारात पाच-सातशे रुपयांना मिळणाऱ्या ‘ओरिजिनल की’ या कुठल्याच खणात बसत नाहीत. की म्हणजे लायसन्स नव्हे. लायसन्सचा पुरावा म्हणजे तुमच्या कंपनीच्या नावाचा करार आणि बिल. नक्कल आहे हे माहीत असून सॉफ्टवेअर वापरल्यास कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३बी नुसार किमान सात दिवस कैद आणि किमान ५०,००० रुपये दंड सांगितला आहे. हे एकदा वरिष्ठांच्या कानावर घालून ठेवा.

पायरी २: एकच शीट, पण खरी

रकाने एवढेच ठेवा: उत्पादन, करार, संख्या, मुदत सुरू, मुदत संपते, बिल वार्षिक की मासिक, ऑटो-रिन्यू चालू की बंद, आजचा दर, पार्टनर आणि पुराव्याची फाइल कुठे आहे. ‘शेरा’ हा रकाना टाकू नका. सगळा कचरा तिथेच साठतो.

संख्या रिसेलरच्या कोटेशनवरून घेऊ नका. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या अॅडमिन सेंटरमध्ये बिलिंगखाली ‘युअर प्रॉडक्ट्स’मध्ये मुदती दिसतात आणि ‘लायसन्सेस’मध्ये किती घेतल्या नि किती वाटल्या ते दिसतं. जुन्या व्हॉल्यूम करारांच्या की आणि डाउनलोडही आता याच सेंटरमध्ये आहेत, त्यासाठीची पूर्वीची स्वतंत्र साइट इकडे हलवली गेली. तुम्हाला जुना करार दिसतच नसेल, तर बहुधा त्याचा संपर्क-पत्ता नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा आहे. कराराचा नंबर आणि बिल जोडून सपोर्टकडे विनंती टाका आणि नवा संपर्क देताना व्यक्तीचा नव्हे, लायसन्स-विभागासारखा सामाईक पत्ता द्या.

इथे एक सापळा जवळून पाहण्यासारखा आहे. पॉवरशेलनं (कमांड टाइप करून चालवायच्या विंडोजच्या साधनानं) किंवा एखाद्या टूलनं यादी काढली, तर उत्पादनांची आतली नावं येतात आणि ती जुनी आहेत. एप्रिल २०२० मध्ये योजनांची नावं बदलली, आतली ओळख बदलली नाही. म्हणून यादीत ‘ओ३६५_बिझनेस_प्रीमियम’ दिसलं, तर ते आजचं बिझनेस स्टँडर्ड असतं. खरं बिझनेस प्रीमियम ‘एसपीबी’ या तीन अक्षरांनी येतं आणि ‘ओ३६५_बिझनेस_इसेन्शियल्स’ म्हणजे बिझनेस बेसिक. हे न कळल्यानं स्टँडर्डच्या जागी प्रीमियमचं कोटेशन मागवलं जातं. १२.५० आणि २२ डॉलरमधला फरक ऐंशी माणसांना गुणून पाहा.

आणखी एक मर्यादा शीटवर लाल रंगात ठेवा: बिझनेस नावाच्या प्रत्येक योजनेला ३०० वापरकर्त्यांची कमाल मर्यादा आहे. कंपनी २८० वर असेल, तर पुढच्या भरतीचं वेळापत्रक एचआरकडून आधीच मागून घ्या.

पायरी ३: बातमी कुठून घ्यायची

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात अर्धा तास पुरतो. तेवढ्यात चार जागा पाहायच्या.

पहिली जागा ‘प्रॉडक्ट टर्म्स’ची साइट. वापराचे हक्क इथे लिहिलेले असतात. आधी वरती आपला कार्यक्रम निवडा. सीएसपीवाल्यानं ईएचे नियम वाचून उपयोग नाही. मग उत्पादन निवडा आणि पानाची तारीख पाहा. जुन्या आवृत्त्याही तिथे मिळतात. तुम्ही कायमस्वरूपी लायसन्स घेतलं त्या महिन्याचे नियम डाउनलोड करून पुराव्याच्या फाइलमध्ये ठेवा, कारण पाच वर्षांनी वाद झाला तर मुद्दा खरेदीच्या वेळच्या हक्कांवरच येतो. सबस्क्रिप्शनचं तसं नाही: प्रत्येक रिन्यूअलला त्या दिवशीचे नियम लागतात.

दुसरी जागा उत्पादनांच्या आयुर्मानाचं म्हणजे लाइफसायकलचं पान. तिसरी अॅडमिन सेंटरमधलं मेसेज सेंटर. तिथे रोजचा पाऊस असतो, तेव्हा सेवा निवडून फिल्टर लावा आणि फक्त मोठे बदल पाहा. चौथी जागा दरांची. इथे तुम्हाला पार्टनरवरच अवलंबून राहावं लागतं, कारण प्रॉडक्ट टर्म्समध्ये दर नसतात. २०२३ पासून मायक्रोसॉफ्ट स्थानिक चलनातले दर डॉलरशी जुळवण्यासाठी वर्षातून दोनदा तपासतं. म्हणजे डॉलरमधला दर हललाच नाही तरी रुपयातला हलू शकतो. बजेट बांधताना वित्त विभागाला हे सांगितलं नाही, तर वर्षाअखेर उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.

पायरी ४: सीएसपीचं गणित

सगळ्यात जास्त पैसे इथे गळतात, म्हणून जरा थांबून वाचा.

२०२२ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टनं सीएसपीतल्या सीट-आधारित (म्हणजे माणशी एक सीट) सबस्क्रिप्शनची पद्धत बदलली. आता मुदत महिन्याची, वर्षाची किंवा काही उत्पादनांना तीन वर्षांची असते. मुदत सुरू झाली की सीट वाढवता कधीही येतात, कमी करता येत नाहीत. कमी करायला किंवा रद्द करायला खरेदी वा रिन्यूअलनंतर सात दिवस मिळतात, त्यानंतर थेट पुढचं रिन्यूअल. वरच्या योजनेत मधेच जाता येतं, खालच्या योजनेत नाही.

मासिक मुदतीला वार्षिकपेक्षा सुमारे २० टक्के जास्त दर पडतो. वार्षिक मुदत पण बिल दरमहा, असा मधला पर्याय आहे. १ एप्रिल २०२५ पासून त्यालाही ५ टक्के जास्त द्यावे लागतात. ‘वार्षिकच तर घेतलंय’ म्हणणाऱ्या पुष्कळ कंपन्या ही पाच टक्के वाढ गुपचूप भरत आहेत. बिल दर महिन्याला येतं, रक्कम थोडीच वाढलेली असते, कुणाच्या लक्षात येत नाही.

बिझनेस स्टँडर्डच्या ८० सीट धरा, जीएसटी वेगळा. जुन्या १२.५० डॉलर दरानं वार्षिक मुदत आणि एकरकमी बिल असेल, तर वर्षाला १२,००० डॉलर. दरमहा बिल घेतलं तर १२,६००. मासिक मुदत असेल तर १४,४००. नव्या १४ डॉलर दरानं हेच आकडे १३,४४०, १४,११२ आणि १६,१२८ होतात.

आता ‘लायसन्सेस’चं पान उघडून पाहा. समजा ८० घेतल्यात आणि ७२ वाटल्यात. वाटलेल्यांपैकी चार जणं नोकरी सोडून गेलीयत, पण ‘त्यांचा मेल लागतो’ म्हणून सीट चालू आहे. अशा मेलबॉक्सचं शेअर्ड मेलबॉक्समध्ये रूपांतर करा. ५० जीबीपर्यंत त्याला वेगळं लायसन्स लागत नाही (कायदेशीर कारणासाठी होल्ड लावला असेल तर लागतं). उरल्या ६८ सीट. ६८ ला १४ नं आणि बारानं गुणलं की ११,४२४ डॉलर. दरवाढ होऊनही गेल्या वर्षीपेक्षा बिल कमी. विक्रेत्याशी सवलतीसाठी घासाघीस करण्याआधी हे करा. सवलत दोन-तीन टक्क्यांची मिळते, रिकाम्या सीट त्याहून कितीतरी जास्त खातात.

हंगामी माणसांसाठी सोपा हिशोब: मासिक दर वीस टक्के जास्त आहे, म्हणजे दहा महिन्यांच्या मासिक बिलाची रक्कम वर्षाच्या रकमेएवढी होते. माणूस दहा महिन्यांपेक्षा कमी राहणार असेल तर मासिक मुदत, जास्त राहणार असेल तर वार्षिक. एकाच टेनंटमध्ये एकाच उत्पादनाची दोन्ही सबस्क्रिप्शनं चालतात.

पायरी ५: रिन्यूअलचं वेळापत्रक

रिन्यूअलच्या तारखेपासून उलट मोजा.

९० दिवस आधी: वापराचा रिपोर्ट काढा, ९० आणि १८० दिवसांचा. ज्यानं सहा महिने लॉगिन केलं नाही, त्याच्या साहेबाला नावासह मेल टाका. ‘कुणाला नको आहे का?’ असं सगळ्यांना विचारलं, तर कधीच कुणी हो म्हणत नाही.

६० दिवस आधी: जाहीर झालेल्या बदलांपैकी कोणते तुमच्या तारखेनंतर पडतात आणि कोणते आधी, ते शीटवर मांडा. इथेच दोन पार्टनरांकडून कोटेशन घ्या. त्यात मुदत, बिलाची पद्धत आणि दर तिन्ही वेगळे लिहून मागा.

३० दिवस आधी: पीओ निघायला हवी. वित्त विभागाची सही आठवडाभर अडकते हे गृहीत धरा. १८ टक्के जीएसटीचं इनपुट क्रेडिट घ्यायचं असेल, तर बिलावर योग्य राज्याचा जीएसटी नंबर येतोय का, ते आत्ताच पाहा. मुख्य कार्यालय मुंबईला आणि कारखाना बडोद्याला असलेल्या कंपन्यांत हा घोळ हमखास होतो.

७ दिवस आधी: ऑटो-रिन्यू सरसकट बंद करू नका. ते बंद ठेवलं आणि पीओ लटकली, तर सेवा खंडित होते नि सकाळी फोन तुम्हालाच येतो. त्याऐवजी पार्टनरला सांगून रिन्यूअलच्या दिवसापासून सीट कमी होतील असा बदल आधीच नोंदवून ठेवा. तो नोंदल्याचा स्क्रीनशॉट मागा.

रिन्यूअलनंतर दुसऱ्याच दिवशी: संख्या आणि दर पडताळा. चूक दुरुस्त करायला सातच दिवस आहेत. सिस्टिममधल्या वेळा यूटीसीत असतात, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, त्यामुळे शेवटच्या दिवसाच्या शेवटच्या तासावर भिस्त नको. शिवाय बदल करण्याची कळ पार्टनरच्या हातात असते आणि त्याच्या वर डिस्ट्रिब्युटर असतो. रिन्यूअल दिवाळीच्या आठवड्यात पडत असेल, तर सात दिवसांचे प्रत्यक्षात तीन उरतात. अशा वेळी पुढच्या खरेदीला मुदतीचा शेवट दुसऱ्या सबस्क्रिप्शनच्या तारखेशी किंवा महिनाअखेरीशी जुळवून घेता येतो. एकदा सगळं एका तारखेवर आणा, डोकेदुखी निम्मी होते.

पायरी ६: सर्व्हर

सर्व्हरचे नियम क्वचित बदलतात, पण बदलले की महागात पडतात. विंडोज सर्व्हर कोअरवर (प्रोसेसरमधल्या गणना-घटकांवर) मोजतात: प्रत्येक प्रोसेसरला किमान ८ आणि प्रत्येक सर्व्हरला किमान १६ कोअर धरायचे. बारा कोअरचे दोन प्रोसेसर असतील, तर २४ कोअरची लायसन्स. म्हणजे १६ चा एक पॅक आणि दोन-दोनचे चार. स्टँडर्ड आवृत्तीत एवढ्यावर दोन व्हर्च्युअल मशीन (व्हीएम, म्हणजे एकाच सर्व्हरवर चालणारे आभासी संगणक) चालवता येतात. तिसरं चालू केलंत की पुन्हा पूर्ण २४ घ्यावी लागतात. चाचणीसाठी म्हणून उठवलेलं तिसरं व्हीएम पुढे कायमचं राहतं आणि ऑडिटमध्ये तेच सापडतं.

कॅल, म्हणजे सर्व्हर वापरणाऱ्या प्रत्येक माणसाचं किंवा यंत्राचं लायसन्स, वेगळी. कॅलची आवृत्ती सर्व्हरएवढी किंवा त्याहून नवी लागते. सर्व्हर २०१९ वरून २०२५ वर नेला आणि कॅल २०१९ च्याच राहिल्या, तर सगळं तांत्रिकदृष्ट्या चालतं, कुठे एरर येत नाही. म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षं लपते.

एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसच्या २०२२ आवृत्तीपासून एकेका व्हर्च्युअल मशीनला लायसन्स द्यायचं असेल, तर सॉफ्टवेअर अॅश्युरन्स किंवा सबस्क्रिप्शन लागतं. जुन्या सवयीनं नुसती कोअर लायसन्स घेऊन व्हीएमवर टाकू नका.

शीटवर या तारखा लिहून टाका: एसक्यूएल सर्व्हर २०१६ चा सपोर्ट १४ जुलै २०२६ ला संपतो, कायमस्वरूपी लायसन्सवर मिळणाऱ्या ऑफिस एलटीएससी २०२१ चा १३ ऑक्टोबर २०२६ ला, विंडोज सर्व्हर २०१६ चा १२ जानेवारी २०२७ ला. सपोर्ट संपला म्हणजे लायसन्स संपलं असं नाही. वापरायचा हक्क राहतो, सुरक्षेचे अपडेट थांबतात. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कंपन्यांना जादा अपडेट पहिल्या वर्षी यंत्रामागे ६१ डॉलरनं मिळतात आणि रक्कम दरवर्षी दुप्पट होते. ‘पहिलं वर्ष असंच काढू, दुसऱ्या वर्षी घेऊ’ हा डाव चालत नाही: उशिरा आलात तरी मागच्या वर्षाचे पैसे भरावेच लागतात. त्या पैशात जुनं यंत्र बदलणंच बहुतेक वेळा शहाणपणाचं.

मायक्रोसॉफ्टच्या बाहेर

हीच शीट इतरांनाही वापरा, कारण तिथले धक्के जास्त जोराचे आहेत. ब्रॉडकॉमनं नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हर्च्युअल मशीनचं सॉफ्टवेअर बनवणारी व्हीएमवेअर ही कंपनी घेतली आणि डिसेंबरमध्येच कायमस्वरूपी लायसन्सची विक्री थांबवली. हाती असलेली लायसन्स वापरता येतात, पण सपोर्टचं नूतनीकरण सबस्क्रिप्शनकडे ढकललं गेलं. ओरॅकलनं जानेवारी २०२३ पासून जावा एसई कर्मचारीसंख्येवर मोजायला सुरुवात केली. जावा वापरणारे नव्हे, सगळे कर्मचारी, कंत्राटी धरून. ९९९ पर्यंत माणशी महिना १५ डॉलर हा जाहीर दर. एका जुन्या अॅप्लिकेशनसाठी कुणीतरी डाउनलोड केलेलं जावा दोनशे माणसांच्या कंपनीत वर्षाला ३६,००० डॉलरचा प्रश्न उभा करू शकतं. कुठल्या यंत्रावर कुणाचं जावा आहे ते शोधा. शक्य तिथे ओपनजेडीकेचं (जावाच्या खुल्या आवृत्तीचं) मोफत बिल्ड टाका आणि ओरॅकलकडून चौकशीचा मेल आला, तर तांत्रिक विभागातून परस्पर उत्तर जाऊ देऊ नका.

‘दर वाढतायत’ हा मेल आला की

पार्टनरला पाच प्रश्न मेलवरच विचारा. फोनवर नको, लेखी हवं. बदल नेमक्या कोणत्या उत्पादनाला आहे, आतल्या नावासह? लागू कधी होतो? आमच्या चालू मुदतीला लागतो की रिन्यूअलला? मधेच वाढवलेल्या सीटना जुना दर राहणार ना? आणि आज ऑर्डर दिली, तर नवी मुदत कधीपासून सुरू होते: जुनी संपल्यावर की आजपासून, म्हणजे काही महिने दोन्हीचे पैसे?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कमी वेळा मिळतं. दोन दिवसांत स्पष्ट उत्तर आलं नाही, तर पीओ थांबवा आणि तेच पाच प्रश्न दुसऱ्या पार्टनरला पाठवा.